फुटपाथवर पहारा

४ जानेवारी, रविवार

शेवटी सगळे हो म्हणाले. उद्यापासून रोज सकाळी सात ते आठ आमच्या रांगेचा फुटपाथ पोरांच्या चाकांसाठी मोकळा राहील.

हे सगळं सुरू झालं मागच्या महिन्यात. आमच्या दीपाला तिच्या मामाने नागपूरहून स्केटिंगचे बूट आणून दिले. पोरगी अकरा वर्षांची, वेग अंगात भरलेला. यवतमाळात आमच्या भागात तिने चालवायचं कुठे, म्हणून ती सिमेंट रोडवर चालवायची. एक दिवस बुटाचा पट्टा आवळायला वाकली आणि रेतीचा ट्रॅक्टर तिच्या हातभर अंतरावरून निघून गेला. मी दुकानात मोटरचं वाइंडिंग करत होतो. उठेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. ती हसत उभी होती. मला त्या दिवशी भाकर गिळवली नाही.

बूट काढून घ्यावेत असं तिच्या आईचं, साधनाचं, म्हणणं. माझ्या मनाला ते पटलं नाही. पोरीचा आनंद रस्त्याच्या भीतीने कुलपात का घालायचा? कोपऱ्यावरच्या पूनमसिंगच्या गिट्टी-सिमेंटच्या दुकानापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गुळगुळीत पिवळट टाइलचा फुटपाथ मागच्याच वर्षी झाला आहे. अडचण एकच. आमच्याकडे फुटपाथला कोणी फुटपाथ मानत नाही. ज्याच्या घरासमोर जेवढा, तेवढं त्याचं अंगण. कोणाची गाडी, कोणाची बाज, कोणाच्या वाळत घातलेल्या कुरडया. मी घरोघरी जाऊन हात जोडले. बाजा उचलल्या गेल्या, गाड्या आत गेल्या, पूनमसिंगने गिट्टीचा ढीगसुद्धा मागे घेतला. त्याचा नातू आयुषही चाकवाला आहे, म्हणून.

अडले ते फक्त बबनराव. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज सकाळी त्याच फुटपाथवर फिरतात.

"नागोराव, फुटपाथ पायासाठी असते का चाकासाठी?"

"चाकं बी पायालाच लावली आहेत जी," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "लाव मग. पण एखादं पोट्टं पडून हाड मोडलं, की दुसऱ्या दिवशीपासून बंद. मंजूर?"

"मंजूर."

मंजूर म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. काही कळलं नाही. कंडक्टरच्या डोळ्यांत काही दिसत नाही.

५ जानेवारी, सोमवार

अंधारातच उठलो. आंघोळ, देवपूजा, मग बाहेर येऊन मायचा वाटा टाकला आणि पोथीचा अध्याय वाचायला आत बसलो. सातला दुकानाचं शटर वर केलं, तर पोरं हजर. सहा जण. सगळ्यांना टोप लावायला सांगितले. जुन्या गोधडीचे तुकडे शिवून मी गुडघ्यांच्या गाद्या केल्या आहेत, त्या बांधल्या. नियम सांगितले: म्हातारं माणूस दिसलं की थांबायचं, दोघांनी जोडीने जायचं नाही, रस्त्यावर उतरायचं नाही.

चाकांचा आवाज टाइलवरून जातो तेव्हा पाटावरून लाटणं फिरल्यासारखा येतो. ऐकून बरं वाटलं.

बबनराव माझ्या आधीच बाहेर आलेले होते. मफलर गुंडाळून टाकीजवळ उभे. एवढ्या थंडीत, एवढ्या लवकर, त्यांना काय काम असावं?

९ जानेवारी, शुक्रवार

आठवडा चांगला गेला. कोणी पडलं नाही. दीपा आता एका पायावर वळते.

ती वळताना कबुतरांजवळ आली की हळू होते. मीच तिला मागे सांगितलं होतं की आजी पाखरांच्या रूपाने सकाळी येऊन जाते. माय फुलसावंगीच्या घरी रोज चुलीवर चहा ठेवायच्या आधी अंगणात ओंजळभर ज्वारी टाकायची. पहिला वाटा त्यांचा, मग आपला, असं म्हणायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी दारासमोर टाकतो. अंगण इथे नाही, पण पाखरांना त्याचं काय?

आज बबनरावांनी मला विचारलं, "किती वाजता उठतं तू?" मी सांगितलं. "हं," म्हणाले आणि गेले. माझ्या उठण्याची वेळ त्यांना कशाला हवी?

११ जानेवारी, रविवार

आज आयुष पडला. आमच्या दारासमोरच. एका क्षणात चाक अडलं आणि पोरगा तोंडावर आला. गुडघ्याची गादी होती म्हणून वाचला, पण हनुवटी फुटली. मी धावलो. टाइल बघितली. काहीच नव्हतं. खड्डा नाही, तडा नाही. दोनचार कबुतरं आपली टिपत होती, तीही उडाली.

पूनमसिंग आला, नातवाला उचललं. "नागोरावभाऊ, ये क्या हुआ? सपाट जागी पोरगा कसा पडते?"

मला आधी त्याच्याच गिट्टीची शंका आली होती. पण आपल्याच नातवाला कोण पाडेल?

संध्याकाळी साधना सत्यभामाकाकूंकडून, म्हणजे बबनरावांच्या घरून, ताक घेऊन आली. म्हणाली, काका कालच दारव्ह्याला लेकीकडे गेले. दोनतीन दिवस नाहीत. इतके दिवस रोज हजर, आणि पोरगा पडतो नेमका त्या दिवशी माणूस गावाला. हा योगायोग मला पचत नाही. काही करून ठेवायचं आणि निघून जायचं, म्हणजे नाव येत नाही.

पण काय करून ठेवलं असेल? मी पुन्हा जाऊन टाइलवर हात फिरवला. गार, कोरडी, गुळगुळीत.

१२ जानेवारी, सोमवार

आज आणखी एक मुलगी घसरली. फार लागलं नाही. तिची आई मला म्हणाली, "भाऊजी, तुमच्याच दारापुढं काहून पडते सगळे?"

या प्रश्नाने दिवसभर डोकं धरलं. खरंच, माझ्याच दारापुढे का? पूनमसिंगच्या दुकानापुढे नाही, टाकीजवळ नाही. म्हणजे ज्याने हे केलं त्याला पोरांशी वैर नाही. त्याचं वैर माझ्याशी आहे. सगळ्यांची अंगणं मी रिकामी करायला लावली, ते कोणाच्या तरी मनात सलत असणार.

रात्री देवापुढे बसलो, पण जप लागला नाही. एकेक मणी ओढताना एकेक शेजारी समोर येत होता.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बबनराव परवा रात्रीच परत आले. काल आणि आज कोणी पडलं नाही.

हे मी दोनदा वाचून पाहिलं. ते आले, आणि पडणं थांबलं. माणूस हुशार आहे. स्वतः समोर असताना काही होऊ द्यायचं नाही, म्हणजे संशय जातो.

सत्यभामाकाकू तीळगूळ घेऊन आल्या. साधनाने वाटी घेतली, हळदीकुंकू झालं. काकू मला म्हणाल्या, "नागोरावजी, तोंड गोड करा. काका म्हणत होते, पोट्टे लय छान चालवतात." मी लाडू हातात घेतला, कप्प्यात ठेवला. अजून तिथेच आहे. दीपाने तिचे दोन कधीच खाल्ले. मला तेवढा विश्वास नाही. सणाच्या दिवशी असं लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

१८ जानेवारी, रविवार

गुरुवारी फुलसावंगीला गेलो होतो, आता आलो. धाकट्या भावाने हुरड्याला बोलावलं होतं. यंदाची ज्वारी चांगली उतरली आहे. आमच्या त्या वावरातल्या दाण्याच्या टोकाला लालसर ठिपका असतो. मायला तो फार आवडायचा, म्हणायची ज्वारीने कुंकू लावलंय. एक गोणी घेऊन आलो.

आल्याबरोबर साधनाला विचारलं, पोरांचं काय? म्हणाली, एकही पडलं नाही, चारही दिवस मजेत. दीपाही तेच म्हणाली.

म्हणजे मी म्हणतो ते खरं. मी नसलो की कोणी पडत नाही. डाव माझ्यावरच आहे. मी गावाला गेलेलो त्याला माहीत होतं, म्हणून त्याने हात आवरला.

साधनाला विचारलं, "मायचा वाटा टाकत होती ना?"

"टाकला. खिडकीत."

"खिडकीत कशाला? जमिनीवर टाकायचा असतो."

"सकाळी किती गार असते बाहेर, तुम्हाला काय." नंतर म्हणाली, "आणि पोरंही येतात ना तिथं."

पोरांचा आणि वाट्याचा काय संबंध? चार दिवस पाखरं दारासमोरून उपाशी गेली असतील. उद्यापासून दोन ओंजळी टाकीन.

२० जानेवारी, मंगळवार

आज पाहिलं.

दाणे टाकले, आत आलो, पण पोथी उघडली नाही. शटर वीतभर वर ठेवून खाली बसलो. थंडीने पाय बधिर झाले. बाहेर धुकं होतं, खांबावरचा दिवा पिवळा. थोड्या वेळाने बबनराव आले. आधी इकडेतिकडे पाहिलं. मग पाठमोरे होऊन कमरेत वाकले. ज्या माणसाचा गुडघा वाकत नाही, तो माझ्या दारासमोर वाकला. डाव्या हातात प्लास्टिकची पिशवी. उजवा हात या बाजूने त्या बाजूला फिरत होता, एकसारखा, पाभर नसली की शेतात हाताने बी फेकतात तसा. माझा जन्म वावरात गेला आहे. हात असा फिरतो तेव्हा माणूस काहीतरी पेरत असतो.

मग पिशवी बांधली आणि कण्हत टाकीकडे गेले.

मी लगेच बाहेर गेलो. टाइलवर तळवा फिरवला, वास घेतला. काही नाही. इतकी साफ फरशी मी कधी पाहिली नव्हती. आणि तेच मला जास्त खटकलं. माझे दाणेसुद्धा जागेवर नव्हते. दोन ओंजळी कबुतरांनी एवढ्यात संपवल्या? काहीतरी असं टाकलं असणार की जे दिसत नाही, आणि ज्याने पाखरंही पळाली.

पोरांना आज मी टाकीच्या बाजूनेच चालवायला लावलं. कोणी पडलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

आज पुन्हा तेच पाहिलं, आणि मला राहवलं नाही. पोरं घरी गेल्यावर पूनमसिंगच्या दुकानावर बबनराव चहा पीत बसले होते. आणखी तिघंचौघं होते. मी सरळ विचारलं.

"बबनराव, सकाळी माझ्या दारापुढं काय टाकत होते तुम्ही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "टाकत होतो?"

"मी पाहिलं. काल बी, आज बी. वाकून, पिशवी घेऊन."

"पाहिलं तर मग इचारून काहून राह्यला?"

"पोट्टं पडलं की बंद, ही अट कोणी घातली होती? तुम्ही. पोट्टे पडले तर कोणाचं फावते? तुमचं."

पूनमसिंग म्हणाला, "छोड दो भाऊ, बुजुर्ग आहे." पण त्याची नजर बबनरावांकडे वळली होती. आयुषची हनुवटी अजून सुजलेली आहे.

बबनराव हळू आवाजात म्हणाले, "नागोराव, तू सकाळी उठून पुण्य करतं. म्या कधी काही म्हटलं का तुले?"

माझ्या देवपूजेवर टोमणा. मी म्हणालो, "माह्या देवधर्माचं नाव घेऊ नका."

"नाही घेत, बापा. हेच तर करून राह्यलो इतके दिवस." काठी घेऊन उठले. "उद्यापासून तुह्या दारापुढं पाय नाही ठेवत म्या. तू अन् तुहा फुटपाथ."

जाताना गुडघा फार दुखत असावा, दोनदा थांबले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जिंकल्यासारखं वाटलं.

२२ जानेवारी, गुरुवार

दीपाचा हात मोडला.

२३ जानेवारी, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही.

सकाळी मी निश्चिंत होतो. शटरमागे बसलो, बबनराव आले नाहीत. माणूस दारापुढून हटला, आता धोका गेला, असं म्हणून देवाचे आभार मानले. सातला पोरं आली. दीपा सगळ्यांत पुढे होती. टाकीकडून वेगाने आली, दारासमोर एकदम दोन्ही पाय तिरके करून ब्रेक मारला, आणि चाकं खालून सरकली. पडताना हात टेकला. तो आवाज मी दुकानात ऐकला. चाकांचा नव्हता.

मनगटाचं हाड. डॉक्टरने प्लास्टर घातलं, दीड महिना म्हणाले. पोरगी रडली नाही, त्यामुळे साधना जास्त रडली.

दवाखान्यात मी तिला विचारलं, "कशानं घसरली? काही दिसलं का खाली?"

"मीच थांबली, बाबा."

"काहून थांबली?"

"असंच."

"कोणी होतं का समोर? बबन आजोबा होते का? भिऊ नको, सांग."

तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. पोरीने काहीतरी पाहिलं आहे. कोणाला तरी वाचवते आहे किंवा कोणाला तरी घाबरते आहे. साधनाला म्हटलं तर ती म्हणाली, "तिला झोपू द्या. आणि तुम्हीही जरा गप बसा."

संध्याकाळी पूनमसिंग येऊन गेला. अट सगळ्यांना माहीत आहे. उद्यापासून बंद. रांगेत बाजा परत बाहेर आल्या. कोणीतरी कुरडयांचं प्लास्टिकही अंथरलं.

दीपाने खिडकीतून ते पाहिलं. "बाबा, आता परत रोडवर चालवायचं का?"

मला ट्रॅक्टरचं चाक आठवलं. म्हणालो, "आता कुठेच नाही." तिने प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला.

२५ जानेवारी, रविवार

दुपारी दुकान बंद होतं. दीपाचे बूट टेबलावर घेतले. हात बरा झाल्यावर द्यायचे की मामाला परत करायचे, हे काही ठरलेलं नव्हतं. हाताला काम हवं होतं, इतकंच.

उजव्या बुटाचं मागचं चाक फिरत नव्हतं. खोलून पाहिलं. बेअरिंगच्या कडेला काहीतरी घट्ट बसलेलं. पिनने काढलं. पांढरं पीठ, वर चेपलेलं साल. सालाच्या टोकाला लालसर ठिपका.

खरं लिहितो. पहिला विचार माझ्या मनात असा आला की बबनरावांनी माझ्याच गोणीतली ज्वारी चोरली.

मी उठून गोणी बघायलाही गेलो. तोंड माझ्याच गाठीने बांधलेलं होतं. तिथे, गोणीवर हात ठेवून उभा असताना, सगळं एकेक करून मागे फिरायला लागलं. मी गावाला होतो तेव्हा कोणी पडलं नाही. साधनाने खिडकीत टाकले तेव्हा कोणी पडलं नाही. बबनराव दारव्ह्याला गेले तेव्हा पोरं पडली. मी दोन ओंजळी टाकायला लागलो तेव्हा तो म्हातारा दोन दिवस कण्हत कमरेत वाकला. तो हात पेरत नव्हता. गोळा करत होता.

पिवळट टाइल आणि पिवळट ज्वारी. तळवा फिरवून मी जमीन तपासत होतो तीसुद्धा कधी, तर पाखरं टिपून गेल्यावर किंवा बबनराव झाडून गेल्यावर.

एक दाणा बेअरिंगमध्ये गेला की अख्खी मोटर जाम होते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. 

साधनाला सांगितलं. तिने पोळ्या लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "मला वाटलं होतं. पण मायचं नाव आलं की तुम्हाला कोणी काय सांगावं?"

२६ जानेवारी, सोमवार

शाळेतून पोरं झेंडावंदन करून परत येत होती तेव्हा बबनरावांकडे गेलो. दार सत्यभामाकाकूंनी उघडलं. "या," एवढंच म्हणाल्या. बबनराव पलंगावर, गुडघ्याला शेकायची पिशवी.

मी खिशातून बेअरिंग काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"तुही ज्वारी," ते म्हणाले. "ओळखतो म्या. रोज हातात घेतली आहे."

"मले काहून नाही सांगितलं, काका?" आजवर मी त्यांना बबनरावच म्हणत आलो होतो. काका कसं निघालं माहीत नाही.

"कसं सांगू? तुह्या मायचा वाटा मी झाडून राह्यलो, असं सांगू? माही माय बी टाकत होती. आमचं अंगण मोठं होतं, बाजूनं ओटा. तिथं कोणी चाकं लावून येत नव्हतं."

"चारचौघांत मी तुम्हाला..."

"ते तर लय बोलला." त्यांनी मान हलवली. "लोकाईनं ऐकलं. पूनमसिंग अजून मले चहा इचारत नाही. आता ते तुलेच सोडवा लागते, घरोघरी जाऊन. तुले तशीही सवय आहे हात जोडायची."

"जातो. आजच जातो."

काकूंनी पाणी आणून दिलं. त्या म्हणाल्या, "यांना म्हटलं होतं मी, लंबी झाडणी घ्या. तर म्हणे, लंबीनं आवाज होते, नागोराव पोथी वाचते." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बबनराव त्यांच्यावर डोळे वटारून मग स्वतःच हसले.

मी विचारलं, पोरांचं काय करायचं. त्यांचं हसू गेलं.

"अट म्हणजे अट. पोट्टीचा हात मोडला ना?"

"हो."

"मग बंद." थोडा वेळ शेकायची पिशवी सरकवत राहिले. "पण अट घालताना म्या पाह्यलं होतं, साऱ्याईचं अंगण तू खाली केलं, आपलं राह्यलं. ते खाली कर. मग साऱ्याईले नव्यानं इचारू. म्या येतो तुह्यासंगं."

निघताना मी दाण्यांचं विचारलं. एवढे दिवस गोळा केलेले गेले कुठे? मला वाटलं, कचऱ्यात.

"कचऱ्यात कशाले टाकीन? टाकीखाली मुरमाचं मैदान आहे ना, तिथं नेऊन टाकत होतो. वाया नाही गेला तुह्या मायचा एक दाणा."

घरी येऊन कप्प्यातला तीळगूळ खाल्ला. दगडासारखा झाला होता.

२८ जानेवारी, बुधवार

काल आणि आज पूर्ण रांग फिरलो, बबनकाका सोबत. प्रत्येक दारात आधी माझी चूक सांगितली. पूनमसिंगच्या दुकानावर मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो. तो ऐकून घेत होता, मग पोऱ्याला ओरडला, "काका के लिये चाय ला." काका म्हणाले, "दोन आण. याचं तोंड बी कडू झालं आहे."

एक बाई म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, आमच्या बाजा आत न्यायला लावल्या अन् तुम्ही स्वतः?" मी हो म्हणालो.

सगळे पुन्हा हो म्हणाले. रविवारपासून.

१ फेब्रुवारी, रविवार

आज अंधारात देवपूजा झाल्यावर ओंजळ भरली आणि दाराबाहेर पडलो. सवयीने हात सुटणार होता. आवरला. बबनकाका त्यांच्या फाटकाशी उभे होते. दीपाही मागे आली, प्लास्टरचा हात ओढणीत. आम्ही तिघं टाकीखालच्या मैदानात गेलो.

पाखरं आधीच येऊन बसली होती. त्यांना जागा माहीत होती. मी ओंजळ सोडली आणि ती अजिबात न बिचकता टिपायला लागली. मला थोडं लागलं, आणि थोडं बरंही वाटलं.

दीपा बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आजी इथं येते का रोज?"

"येते."

"मग आता दारापुढं जोरात आलं तरी चालते. त्या दिवशी ती उडलीच नाही, बाबा. मी एकदम जवळ आली तरी टिपतच होती."

एवढं बोलून ती काकांचा हात धरून पुढे निघाली. मी मैदानात थांबलो. असंच, म्हणाली होती दवाखान्यात. आणि मी तिला विचारत होतो, समोर बबन आजोबा होते का.

सातच्या आत मी आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत लांब झाडणीने झाडलं. दुसऱ्या टोकाकडून काका हळूहळू टाइल बघत येत होते. एका जागी थांबून काठीने खुणावलं. सांध्यात एक दाणा राहिला होता, लाल ठिपक्याचा. मी तो उचलून खिशात टाकला.

पोरं रांगेत उभी होती, टोप, गाद्या सगळं घालून. दीपाने चाकं लावली नव्हती, पण टोप मात्र घातला होता. सगळे काकांकडे बघत होते. त्यांनी एकदा मागे, एकदा पुढे फरशी पाहिली. मग हात वर करून, एसटीतली ती घंटीची दोरी अजून तिथे टांगलेली असावी तशी, दोनदा खाली ओढली.

पोरं निघाली.